‘ऑर्वेल’चा दुसरा भाग संपवला, हात एकदाही थबकला नाही. माझंच चुकतंय का?

गोकुळपेठी (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ११:२०

नवतपा लागलाय. दुपारी घराबाहेर पाय टाकायची सोय नाही. कूलरमध्ये पाणी भरायचं आणि त्याच्यासमोर पडून राहायचं. तर या आठवड्यात ‘ऑर्वेल’ या कॉम्प्युटर गेमचे दोन्ही भाग लागोपाठ खेळून काढले. पहिला पूर्वी एकदा खेळलो होतो, दुसरा आत्ताच. संपवून तासभर झाला, आणि एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हॅम्बर्गमधल्या ऑस्मॉटिक स्टुडिओज नावाच्या छोट्याशा मंडळींचा हा खेळ. पहिला, ‘कीपिंग ॲन आय ऑन यू’, ऑक्टोबर २०१६ मध्ये आला. पाच एपिसोड, दर आठवड्याला एक, टीव्हीवरच्या मालिकेसारखे. दुसरा, ‘इग्नोरन्स इज स्ट्रेंग्थ’, फेब्रुवारी-मार्च २०१८ मध्ये, तीन एपिसोडमध्ये. गोळीबार नाही, गाड्या नाहीत. आपल्या स्क्रीनवर एक सरकारी स्क्रीन उघडते आणि आपण तिच्यापुढे बसतो, एवढंच. माझ्या कॉलेजातल्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा चालला, पंखाही घरघरला नाही.

‘द नेशन’ नावाचा काल्पनिक देश, बॉन्टन ही राजधानी. तिथल्या सरकारने सुरक्षेचा कायदा करून ‘ऑर्वेल’ नावाची गुप्त पाळत-यंत्रणा उभी केलीय. आपण तिच्यावर नेमलेले तपासनीस, तेही बाहेरच्या देशातले. सुरुवातीलाच फ्रीडम प्लाझा नावाच्या चौकात स्फोट होतो. स्फोटाआधीच्या कॅमेऱ्यात निळ्या केसांची एक मुलगी दिसते, कॅसान्ड्रा वॉटरगेट. तिच्यावर आधी पोलिसाला मारहाण केल्याचा ठपका आहे. बस, तिथून तिच्या मागे लागायचं. तिची पानं वाचायची, फोन ऐकायचे, चॅट बघायचं, मग थेट तिच्या कॉम्प्युटरात शिरायचं.

मजकुरात काही तुकडे रंगवलेले दिसतात, त्यांना खेळात ‘डेटाचंक’ म्हणतात. तुकडा उचलायचा आणि त्या माणसाच्या फाईलमध्ये टाकायचा. काही तुकडे पिवळे असतात, म्हणजे एकमेकांना खोटं पाडणारे. एक पाठवला की दुसरा बाद. आणि पाठवलेलं परत घेता येत नाही.

आता खरी गोम. आपला वरचा माणूस सिम्स. त्याला आपण पाहतो ते काही दिसत नाही, आपण पाठवलेले तुकडेच तेवढे दिसतात. मागचापुढचा संदर्भ नाही, कोण कुणाची टिंगल करत होतं ते नाही. मैत्रिणीशी बोलताना चिडून म्हटलेलं एक वाक्य मी पाठवलं की त्याच्याकडे ते जबानी म्हणून पोचतं. आणि सिम्स काही राक्षस नाही हो. नीट बोलतो, काळजी करतो, शाबासकी देतो. म्हणून तर तुकडा अर्ध्या वाटेवर धरून मी पाच-पाच मिनिटं बसून राहिलोय. दुसऱ्यांदा खेळतानाही.

दुसऱ्या भागात असं एकदाही झालं नाही. इथे समोर राबान व्हार्ट. शेजारच्या पार्जेस देशातून आलेला, ‘द पीपल्स व्हॉइस’ नावाचं स्थळ चालवणारा, सरकारवर तुटून पडणारा. वरचा माणूस ॲम्पलफोर्ड. आणि आपलं काम आडवळणाने नाही, सरळ आहे: या राबानचं तोंड बंद करायचं. शेवटाकडे तर ‘इन्फ्लुएन्सर’ नावाचं नवंच हत्यार हातात येतं. गोळा केलेले तुकडे जोडून त्याच्याविरुद्ध गोष्ट रचायची आणि लोकांत सोडायची.

कागदावर हे पहिल्यापेक्षा कितीतरी भयंकर. मग मला भीती का नाही वाटली? मी भराभर तुकडे टाकत गेलो. मस्त कोडं सुटल्यासारखं वाटलं, आणि चहा करायला उठलो.

तर्रीबाज · शनिवार, रात्री ११:४१

काऊन बे, एवढ्या उन्हात वाचायचा गेम खेळून राहिला? डोस्कं तापलं असंन तुझं.

पाळतच पाहायची तर ‘वॉच डॉग्ज’ खेळ ना. फोन काढला की रस्त्यावरच्या कोणाचाही पगार, धंदा, लफडं सगळं डोक्यावर लिहून येते. आणि तिथं दुसरा भाग पहिल्याहून भारीच आहे. पहिल्यात तो एडन पीअर्स शिकागोत तोंड पाडून फिरते नुसता, बदला बदला करत. दुसऱ्यात मार्कस, सॅन फ्रान्सिस्को, दोस्तमंडळी, धिंगाणा. विषय संपला.

गोकुळपेठी · शनिवार, रात्री ११:५५

भाऊ, ‘वॉच डॉग्ज’ मीही खेळलोय. २०१४ चा पहिला, २०१६ चा दुसरा, लंडनवालाही. पण तिथे पाळत ही आपली सुपरपॉवर आहे. पोरगं रस्त्याने चाललंय, त्याच्या डोक्यावर लिहून येतं की घरी कुणी आजारी आहे, आणि आपण त्याच्याच खात्यातून पैसे काढून पुढे जातो. तो माणूस पुढच्या वळणावर विसरतो आपण. ‘ऑर्वेल’मध्ये पाच तास त्याच चार-सहा माणसांच्या घरात बसायचं असतं. त्यांची भांडणं, उधाऱ्या, कोण कुणावर अजून रागावून आहे, सगळं.

बाकी मार्कसची सुरुवात मात्र मला आवडते. त्याने काही केलेलं नसताना शहराची यंत्रणाच त्याला गुन्हेगार ठरवते. हा धागा त्यांनी नीट ओढला असता तर... पण मग गाड्या कधी ठोकायच्या?

मानेवाडा_एक्सप्रेस · रविवार, सकाळी ८:१०

मी दुसऱ्या भागाच्या बाजूने. गोकुळपेठी, तुम्ही घड्याळाबद्दल काहीच लिहिलं नाही, आणि दुसऱ्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

पहिल्यात वेळ गोठलेली असते. तुम्ही तुकडा धरून तासभर बसा, सिम्स तासभर वाट पाहतो. कुठलं सरकारी ऑफिस असं चालतं? दुसऱ्यात एक तुकडा पाठवला की घड्याळ दहा मिनिटं पुढे सरकतं. जग तुमच्यासाठी थांबत नाही. एक बातमी अमुक वाजता येणार, एक माणूस अमुक वाजता ऑनलाइन येणार, आणि तुम्ही फालतू तुकडे पाठवण्यात वेळ घालवला तर ती वेळ गेली. मी पहिल्या फेरीत राबानच्या बायकोबद्दलचं, कॅरेनबद्दलचं, जे मिळेल ते पाठवत सुटलो आणि ज्याच्यासाठी मला बसवलं होतं ते राहूनच गेलं. दुसऱ्या फेरीत कळलं की काय पाठवायचं याच्याइतकंच काय *न* पाठवायचं हेही हत्यार आहे.

राबान, त्याचा भाऊ इल्या आणि कॅरेन, या तिघांचं घर जेवढं खोल उतरतं तेवढं पहिल्यातलं कुठलंच पात्र उतरत नाही. पहिल्यात माणसं जास्त, म्हणून प्रत्येक जण थोडा थोडा. दोन भावांचं ते जुनं दुखणं वाचताना मला आमच्या घरातली वाटणी आठवली, जास्त सांगत नाही.

गोकुळपेठी · रविवार, सकाळी ९:०२

घड्याळाचं मान्य. पण त्याचा माझ्यावर उलटा परिणाम झाला. वेळ मोजून दिली की मी हिशेब करायला लागतो. हा तुकडा दहा मिनिटांच्या लायकीचा आहे का? तिथे ‘हे खरं आहे का’ आणि ‘याने त्या बाईचं काय होईल’ हे दोन्ही प्रश्न मागे पडतात. बुद्धिबळात प्यादं मारताना कुणाला वाईट वाटतं?

भावांचं म्हणाल तर हो, ते लिखाण चांगलं आहे. इल्या मला राबानपेक्षा पटला.

फाईल_क्र_४२ · रविवार, सकाळी ११:३७

नेहमी नुसती वाचते इथे, आज लिहावंसं वाटलं.

पहिला भाग मी दीड वर्षापूर्वी अर्धा सोडला. कंटाळा आला म्हणून नाही. दिवसभर तेच काम करून रात्री पुन्हा तेच कोण करणार? मी तेव्हा एका कंपनीत बॅकग्राऊंड व्हेरिफिकेशनला होते. नाव सांगत नाही. कुणाला नवी नोकरी लागली की त्याचे कागद आमच्याकडे येत. आधीच्या ऑफिसला फोन, कॉलेजला मेल, पत्त्यावर माणूस. आणि मग आमच्या स्क्रीनवर खाने. हिरवा, पिवळा, लाल. मोकळं लिहायला जागा होती, पण एका ओळीची. ठरावीक अक्षरांपलीकडे ती घेतच नसे.

एका मुलाची केस सांगते. आधीच्या ठिकाणी ‘नोटीस न देता निघून गेला’ असं एचआरने फोनवर सांगितलं. मी सवयीने त्याच्या साहेबालाही फोन लावला. ते म्हणाले, अहो, त्याची आई मेडिकलला ॲडमिट होती, मीच त्याला जा म्हटलं, कागद राहून गेले. आता सांगा, कुठल्या खान्यात बसवायचं हे? नियम असा की एचआरचं म्हणणं अधिकृत, साहेबाचं तोंडी. दोन पिवळे तुकडे, एक पाठवला की दुसरा बाद. मी लाल केलं. सेव्ह केल्यावर फाईल पुन्हा उघडायचा अधिकार फक्त टीम लीडरला. मी विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, आज अजून तीस केसेस आहेत ना तुझ्या?

त्या मुलाचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तेच तर. आम्हाला कधीच कळत नसे. सिम्सला निदान खेळाडूचं नाव तरी माहीत असतं.

म्हणून गोकुळपेठी, मला तुमचं म्हणणं कळलं. पहिल्या भागात कुणी तुम्हाला खोटं बोल म्हणत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी खरंच पाठवता. चुकीचं ते काहीच केलेलं नसतं आणि तरी पोटात कालवतं.

तर्रीबाज · रविवार, दुपारी १२:०५

ताई, वाचून गप्पच झालो.

त्रिमूर्तीनगर · रविवार, दुपारी १:४८

विषय जड झाला, जरा हलका करतो, पण आहे त्याच विषयातलं.

माझ्या नावावर गाडी नाही. ॲक्टिव्हा बाबांच्या नावावर. मागच्या दिवाळीआधी शंकरनगर चौकात सिग्नल तोडला (तोडलाच, वाद नाही). चलनाचा मेसेज गेला बाबांच्या मोबाईलवर. बाबांनी लिंक उघडली, फोटो मोठा केला. रात्री जेवायला बसलो तर दंडाचा एक शब्द नाही. पहिला प्रश्न: मागे कोण बसली होती?

आता ती होती मामेबहीण, आणि चेहऱ्यावर स्कार्फ. आपल्या इकडे उन्हात पोरी कशा गुंडाळून घेतात माहीत आहे, नुसते डोळे दिसतात. मी म्हटलं प्रिया होती. आई म्हणे प्रिया तर त्या दिवशी कामठीला होती. म्हणजे दोन पिवळे चंक. आईने आपलावाला पाठवला, माझा बाद. दोन दिवसांनी प्रियाने स्वतः फोन करून सांगितलं तेव्हा सुटलो. चलन मात्र मी भरलं.

कॅमेऱ्याने खोटं काहीच सांगितलं नव्हतं. गाडी आमचीच, सिग्नल लालच, मागे मुलगीच.

गोकुळपेठी · रविवार, दुपारी २:१५

हसून हसून मेलो. काकूंना ऑर्वेलमध्ये नोकरी लागेल.

सिव्हिल_लाईन्सवाली_काकू · रविवार, सायंकाळी ५:३०

मी खेळ खेळलेले नाही, नातू खेळतो, त्याच्या खांद्यावरून पाहिलेलं आहे. तीस वर्षं हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात काळा कोट घालून फिरले, त्या अनुभवावर दोन गोष्टी.

पहिली, नावांची. नातवाने ‘सिम्स’ म्हटलं आणि मी कान टवकारले. ज्या लेखकाच्या नावावरून खेळाचं नाव आहे, त्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या १९४९ च्या कादंबरीत सिम नावाचा भाषातज्ज्ञ आहे. सरकारसाठी शब्दकोशातले शब्द कमी करत बसणारा, आणि एक दिवस स्वतःच नाहीसा होणारा. ॲम्पलफोर्थही तिथलाच, जुन्या कविता सरकारला हव्या तशा दुरुस्त करणारा. एका कवितेत ‘गॉड’ हा शब्द यमकासाठी राहू दिला म्हणून तो तुरुंगात जातो. खेळातला जुना प्राध्यापक गोल्डफेल्स म्हणजे तिथला सरकारचा शत्रू गोल्डस्टाईन. आणि दुसऱ्या भागाचं नावच कादंबरीतल्या सत्ताधारी पक्षाच्या तीन घोषणांपैकी एक. म्हणजे खेळ करणाऱ्यांनी दोन्ही अधिकाऱ्यांना नावं दिली ती बळी गेलेल्या सरकारी नोकरांची. तुमचा वरचा माणूसही उद्या फाईलमध्येच जाणार, असा त्याचा अर्थ मी लावते. (लेखक महाशय आपल्याकडच्या मोतीहारीत १९०३ साली जन्मले, हे जाता जाता.)

दुसरी गोष्ट कायद्याची. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या रात्री आम्ही बार रूममध्ये पेढे वाटले होते. नंतर २०२३ मध्ये विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा आला. त्याचं कलम १७ वाचा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी सरकार आपल्या एखाद्या यंत्रणेला अधिसूचना काढून या कायद्यातून सूट देऊ शकतं. खेळातल्या त्या सुरक्षेच्या कायद्याला नातू हसत होता. मी नाही हसले.

पुरावा या विषयात आम्हाला शिकवतात की वाक्य एकटं उभं करायचं नाही. उलटतपासणी असतेच त्यासाठी. तुमच्या ऑर्वेलमध्ये सगळं आहे, आरोपीचा वकील तेवढा नाही.

मिहानवासी · रविवार, रात्री ९:१२

काकू, शेवटचं वाक्य जबरदस्त.

एक भर घालतो. पहिला खेळ आला तेव्हा २०१६ होतं. तेव्हा त्यांना असं वाटलं की यंत्र सगळं गोळा करेल, पण कुठला तुकडा महत्त्वाचा ते माणूस ठरवेल. खेळात तसा नियमच आहे, यंत्राला स्वतः निवडायची मुभा नाही. आज हे किती जुनं वाटतं बघा. इथे आपल्याच शहरात राज्य सरकारने २०२४ मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हेल’ नावाची एआयची कंपनी काढली, आयआयएम नागपूरला सोबत घेऊन. गुन्ह्यांच्या तपासात, माहितीच्या विश्लेषणात यंत्राची मदत घ्यायची म्हणून. चांगलं की वाईट ते मी म्हणत नाही, माझे दोन मित्र या क्षेत्रात आहेत आणि मन लावून काम करतात. मुद्दा खेळाचा आहे. दोन पिवळ्या तुकड्यांतला एक यंत्रच निवडायला लागलं तर धागाकर्त्याचा हात थबकणार कुठे? तिथे हातच नाही.

तिसरा भाग काढायचा झाला तर तो असा हवा. खेळाडूने फक्त ‘मंजूर’ दाबायचं.

तर्रीबाज · रविवार, रात्री ९:२०

असा गेम कोण विकत घेईन बे? ते तर आपण रोजच करून राहिलो. आय ॲग्री, आय ॲग्री, आय ॲग्री.

मानेवाडा_एक्सप्रेस · रविवार, रात्री १०:४४

सगळे पहिल्याच भागाच्या बाजूने गेले, म्हणून मी पुन्हा एकदा दुसऱ्याची वकिली करतो. आरोपीला वकील हवा ना.

दुसरा भाग मार्च २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं आठवतं? मंगळवेढ्याकडचे पाच नाथपंथी डवरी गोसावी. भिक्षेसाठी गावोगाव हिंडणारी माणसं. पोरं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होते. बाजाराचा दिवस होता. जमावाने पाचही जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

तो इन्फ्लुएन्सर म्हणजे हेच ना? एक तुकडा, त्याला दुसरा तुकडा जोडला, गोष्ट तयार, सोडून दिली. मी ती गोष्ट राबानवर सोडली तेव्हा मला राईनपाडा आठवला, आणि मी गेम बंद करून गच्चीवर जाऊन बसलो. पहिल्या भागात सरकार आपल्याला बघतं. ठीक आहे, भीतीदायक आहे. पण आपल्याकडे माणसं मेली ती कुणी बघत होतं म्हणून नाही, काहीतरी पसरलं म्हणून. आमच्यासाठी दुसराच भाग खरा आहे.

गोकुळपेठी · सोमवार, रात्री १२:३०

यावर लगेच लिहिणार होतो, नाही लिहिलं. दोन तास विचार केला, झोप तशीही येत नाही या उकाड्यात.

मानेवाडा, एक कबुली देतो. आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर मागच्या वर्षी गेटच्या कॅमेऱ्यातला एक फोटो आला. रात्री पावणेदोन, एक पोरगा पाठीवर मोठी पिशवी घेऊन उभा. खाली कुणीतरी लिहिलं, ‘लक्ष ठेवा’. एवढंच. मी तो गल्लीच्या ग्रुपवर पाठवला. वाईट हेतू अजिबात नव्हता, वरच्या मजल्यावर एकट्या आजी राहतात म्हणून पाठवला. सकाळपर्यंत तो आणखी तीन ग्रुपवर ‘चोर’ म्हणून फिरून परत आमच्याकडे आला. आणि दुपारी कळलं की पोरगा दुसऱ्या मजल्यावरच्यांचा भाचा, रात्रीच्या गाडीने आलेला, लिफ्ट बंद होती म्हणून खाली फोन लावत उभा होता. पिशवीत आंबे होते. त्याला काही झालं नाही. पण त्याच गल्लीतून तो रात्री दूध आणायला गेला असता तर?

आता मला कळलं माझं दुखणं कुठे आहे. दुसऱ्या खेळाने हत्यार बरोबर निवडलं आणि हात चुकीचा निवडला. राबानविरुद्ध गोष्ट रचताना मला माहीत असतं की मी सरकारी खोटारडा आहे. ॲम्पलफोर्डनेच तसं सांगितलेलं. मग मी नाटकातल्या खलनायकासारखा मजेत काम करतो. राईनपाड्यात किंवा माझ्या ग्रुपवर कुणी ऑर्डर दिली नव्हती. प्रत्येक जण आपापल्या पोरांची, आपापल्या आजीची काळजी करत होता. म्हणजे तिथे इन्फ्लुएन्सर चालवत होता तो पहिल्या भागातला प्रामाणिक तपासनीस! तो दुसऱ्या खेळात ठेवला असता, त्याला वाटू दिलं असतं की आपण लोकांना सावध करतोय, आणि मग राबानचं काय होतं ते दाखवलं असतं, तर मीही गच्चीवर येऊन बसलो असतो तुमच्या शेजारी.

मानेवाडा_एक्सप्रेस · सोमवार, सकाळी ७:४५

हे पटलं. अर्धं. मला तरीही वाटतं तुम्ही ॲम्पलफोर्डला फार लवकर ओळखून बसलात. मी पहिल्या फेरीत खरंच मानत होतो की राबान लबाड आहे. तो आहेही थोडा. पार्जेसमधल्या लढाईबद्दल तो जे लिहितो त्यातलं काय खरं हे शेवटपर्यंत डळमळतंच. तुम्ही पहिला खेळ नुकताच संपवून दुसऱ्याला बसलात, म्हणून सावध होतात. मध्ये महिनाभर जाऊ द्यायला हवा होता.

गोकुळपेठी · सोमवार, सकाळी ८:०१

हे शक्य आहे. नवतप्याचा दोष.

फाईल_क्र_४२ · सोमवार, रात्री १०:१५

काल तुमची चर्चा वाचून पहिला भाग जिथे सोडला होता तिथून पुढे खेळायला घेतला. आज संपवला. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी पुढची ओळ सोडा.

शेवटाकडे त्या यंत्राची नजर आपल्याकडेच वळते. सुरुवातीला आपण सहज टाइप केलेलं आपलं नाव पुन्हा समोर येतं. मी खरं नाव टाकलं होतं. ऑफिसात इतकी वर्षं दुसऱ्यांचे खाने भरले, स्वतःची फाईल उघडलेली पहिल्यांदा पाहिली.

नोकरी सोडून आठ महिने झाले, हे सांगायचं राहिलं. आता सीताबर्डीला भावाच्या दुकानात हिशेब बघते. तिथे रिमार्कला जागा भरपूर आहे.

त्रिमूर्तीनगर · सोमवार, रात्री १०:३१

ताई, दुकानाच्या वहीत माझी उधारी असेल तर लाल करू नका.

पुण्यातून_बघतोय · मंगळवार, सकाळी १०:०८

उशिरा आलो. प्रश्न एकच, दोन्हींपैकी आधी कुठला घ्यावा? आणि इंग्रजी फार अवघड आहे का?

गोकुळपेठी · मंगळवार, सकाळी १०:४०

पहिला आधी. दुसऱ्याचं कथानक पहिल्याच्याच काळात शेजारी घडतं, आधीचं माहीत असेल तर दोन-चार ठिकाणी गंमत येते, नसेल तरी अडत नाही. इंग्रजी साधं आहे पण वाचायचं भरपूर, घाईच्या माणसाचा खेळ नाही. पहिल्यात सगळं वाचा, रंग नसलेलंही. कामाचा नसलेला मजकूर वाचला नाही तर कॅसान्ड्रा तुम्हाला फाईलच वाटेल.

तर्रीबाज · मंगळवार, रात्री ११:५२

घेतला शेवटी. तुमच्या नादी लागून. दोन तास झाले खेळून राहिलो, पोह्यावर तर्री घ्यायची आठवण नाही राहिली म्हणजे विचार करा.

एक सांगा पटकन. दोन पिवळे होते, मला वाटलं दोन्ही पाठवता येतात, वरचावाला ओढला आणि भलतंच झालं. ती कॅसान्ड्रा तसं म्हणालीच नव्हती बे, खालच्या ओळीत होतं सगळं, मी नंतर वाचलं. सिम्स तर खूश होऊन गेला. परत घेता येते का?

फाईल_क्र_४२ · बुधवार, सकाळी ८:२०

नाही. टीम लीडरला विचारून बघा.